आतली माया

'हम आपके हैं कौन' १९९४ साली कोल्हापुरात लागला तेव्हा आत्यानं तो दोनदा बघितला. पहिल्यांदा आम्हा सगळ्यांबरोबर, मध्यंतरात वडा खात, शेवटाकडे पदरानं डोळे टिपत. दुसऱ्यांदा एकटीच गेली, दुपारच्या खेळाला, पिशवीत वही आणि पेन्सिल घेऊन. माधुरीच्या त्या जांभळ्या ब्लाऊजच्या नऊ ऑर्डरी तिच्याकडे येऊन पडल्या होत्या आणि प्रत्येक बाई हवेत बोटानं वेगळाच गळा काढून दाखवत होती.

घरी आली ती वैतागून. "अंधारात काय दिसतंय? पाठ दाखवली म्हणेपर्यंत वळतीय ती. हात वर केला की ब्लाऊज कुठं जातोय, ते बघायचं हुतं मला. नेमकं तेवढंच दाखवत न्हाईत." वहीत तीन-चार रेघा होत्या. गळ्याची गोलाई, बाहीची लांबी आणि कडेला एक मोठं प्रश्नचिन्ह.

प्रश्न साधा होता. पाठ जवळजवळ सगळी उघडी. मग तो ब्लाऊज अंगावर थांबतो कशाच्या जोरावर? याचं उत्तर कपड्याच्या आतल्या बाजूला असणार आणि आतली बाजू पिक्चरमध्ये कधीच दिसत नाही.

शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत, खिडकीशी ठेवलेल्या पायमशीनवर आत्यानं तीस-एक वर्षं ब्लाऊज शिवले. तिला एक खोड होती. कुठलाही कपडा हातात आला की आधी तो उलटा करायचा. दुकानात तर करायचीच, पण लग्नात एखादीनं कौतुकानं आपली बाही पुढे केली तरी हिची दोन बोटं बाहीच्या आत. शिवणी, अस्तर, हुकांच्या मागची पट्टी, सगळं बघून झालं की मग कापडाचा रंग बघायची. आणि शेवटी एकच विचारायची, "माया किती ठेवलीय?"

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगते. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. उद्या अंग भरलं तर एक टीप उसवायची, मायेतनं पाऊण इंच काढायचा आणि नवी टीप मारायची. कपडा तोच राहतो. मायेत कंजुषी करणाऱ्या शिंप्यांवर आत्याचा राग होता. "बाई काय हाय तशी ऱ्हाती व्हय?" असं ती म्हणायची.

मला स्वतःला हे कळायला पुण्यातल्या एका नावाजलेल्या दुकानातून घेतलेला तयार घागरा लागला. धाकट्या बहिणीच्या लग्नाला चार दिवस होते, कंबरेत अर्धा इंच हवा होता. गल्लीतल्या टेलरनं घागरा उलटा करून माझ्यापुढे धरला. "ताई, आत काहीच नाही हो." ओव्हरलॉकनं कापड शिलाईपर्यंत कापून टाकलेलं. बाहेरून मात्र जरदोसी, टिकल्या, सगळा थाट होता.

पुढे वाचनाचा नाद लागला आणि पॅरिसच्या उंची शिवणकामाबद्दल, म्हणजे ज्याला ओत कुत्युर म्हणतात त्याबद्दल, वाचत गेले तेव्हा पानापानावर आत्या भेटली. हा शब्द फ्रान्समध्ये वाटेल त्याला वापरता येत नाही. १९४५ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पॅरिसमध्ये स्वतःचं शिवणघर हवं, ठरावीक संख्येनं पूर्णवेळ कारागीर हवेत, वर्षातून दोनदा नवे कपडे मांडायला हवेत आणि गिऱ्हाइकाच्या मापानं, फिटिंग घेत कपडा शिवून द्यायला हवा. आधी तो साध्या मांजरपाटात शिवतात, अंगावर घालून टाचण्या लावतात, मग उसवून त्यावरून खरं कापड बेततात. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मापाचा पुतळा शिवणघरात ठेवलेला असतो. शिवणाऱ्या बायकांना फ्रेंचमध्ये 'छोटे हात' म्हणतात. आणि या कपड्यांत माया भरपूर ठेवतात, कारण कपडा एकाच बाईचा असला तरी वर्षानुवर्षं तिच्याबरोबर राहायचा असतो.

या धंद्याचा मूळपुरुष चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज. १८५८ च्या सुमारास त्यानं पॅरिसमध्ये दुकान काढलं आणि चित्रकार चित्रावर सही करतो तशी स्वतःच्या नावाची पट्टी कपड्याला लावायला सुरुवात केली. तोपर्यंत कपडा घालणारीच्या नावानं ओळखला जायचा. इथून पुढे तो शिवून देणाऱ्या घराच्या नावानं ओळखला जाऊ लागला. टाके घालणाऱ्या बाईचं नाव तेव्हाही कुठे नव्हतं, आजही नाही. आणि वर्थची ती पट्टी? तीही आतच.

आता गंमत अशी की सिनेमाला यातलं काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याला माया दिसत नाही, हातशिलाई आणि मशीनची शिलाई वेगळी कळत नाही. पडद्यावर चमकायला तकलादू कापडही पुरतं. नाटकाच्या कपडेपटात सेफ्टी पिनांवर राजेशाही उभी राहिलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मग सिनेमावाल्यांनी पॅरिसच्या दारात का जावं?

पहिल्यांदा गेले ते भीतीपोटी. १९२९ मध्ये पॅरिसनं झग्यांची लांबी एकदम खाली आणली आणि गुडघ्यापर्यंतच्या झग्यांत चित्रित झालेले सिनेमे पडद्यावर येईपर्यंत जुने वाटू लागले. गोल्डविन या निर्मात्यानं ठरवलं की फॅशन जिथे जन्मते तिथलंच माणूस आणावं. १९३१ मध्ये त्यानं कोको शनेलला हॉलिवूडला बोलावलं. मोबदला १० लाख डॉलरचा होता असं सांगतात. शनेलनं ग्लोरिया स्वान्सन या नटीसाठी 'टुनाइट ऑर नेव्हर' या सिनेमाचे कपडे केले. पॅरिसमध्ये फिटिंग चालू असताना घोटाळा झाला. मागच्या मापाचा सॅटिनचा झगा पुढच्या खेपेला अंगात जाईना. शनेल भडकली, वजन उतरवून या म्हणाली. स्वान्सनला दिवस गेले होते आणि ते अजून कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. शेवटी तिनं आतून घालायला जाड इलॅस्टिकचा पट्टा करून घेतला आणि झगा त्यावर चढवला. पुढे आत्मचरित्रात तिनंच हे सांगितलं आहे. वाचलं तेव्हा मला शनेलचा रागच आला. एवढी मोठी बाई, आणि बाई आहे तशी राहत नाही हे तिला कळू नये?

हॉलिवूडशी शनेलचं फार जमलं नाही. तिचे कपडे पडद्यावर फार गप्प वाटायचे. शनेल बाईला बाईसारखी दाखवते आणि हॉलिवूडला एका बाईत दोन दिसायला हव्या असतात, अशा अर्थाचं तेव्हा एका अमेरिकी मासिकात आलं होतं.

मे वेस्ट या नटीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला पॅरिसच्या स्किआपरेल्ली या शिवणकार बाईंकडून सिनेमाचे कपडे हवे होते, पण पॅरिसला जायचं नव्हतं. तिनं आपल्या देहाचा प्लास्टरचा पुतळा पाठवून दिला! त्या पुतळ्याच्या आकारावरून स्किआपरेल्लीनं १९३७ मध्ये आपल्या अत्तराची बाटली काढली, हे त्यातलं सगळ्यांत टिकलेलं फळ. मार्लीन डीट्रिख या नटीनं तर १९५० च्या हिचकॉकच्या सिनेमासाठी अटच घातली, पॅरिसच्या डिऑरचे कपडे नसतील तर मीही नाही. इथवर हा सगळा मानापमानाचा आणि मिरवण्याचा मामला होता.

खरी गोष्ट १९५३ पासून सुरू होते, युबेर द जीवान्शीच्या पॅरिसमधल्या दुकानात. दुकान उघडून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, तो स्वतः २६ वर्षांचा. मिस हेपबर्न येत आहेत असा निरोप आला तेव्हा त्याला वाटलं कॅथरीन हेपबर्न. दारात उभी राहिली ती ऑड्री, आखूड विजार, सपाट चपला आणि डोक्यावर व्हेनिसच्या नावाड्याची टोपी घातलेली काडीसारखी पोर. तिला 'सब्रीना'साठी कपडे हवे होते. त्यानं हात जोडले: पुढच्या मांडणीचं काम अंगावर आहे, नवं काही शिवता येणार नाही. ती म्हणाली, मग जे शिवून तयार आहे त्यातलंच घालून बघते.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण तो आमच्या आत्याच्या खोलीतला आहे. दिवाळीच्या तोंडावर नवी ऑर्डर घेऊन आलेली, नाही म्हटल्यावरही न हलणारी आणि दोरीवर टांगलेला दुसरीचा ब्लाऊज अंगाला लावून बघणारी मुलगी. फक्त इथे तो नीट बसला. करडा सूट, पांढरा, खांद्यावर काहीच नसलेला भरतकामाचा झगा आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत सरळ गळ्याचा काळा पोशाख, असे तीन तिनं निवडले.

'सब्रीना' ही ड्रायव्हरच्या मुलीची गोष्ट. ती पॅरिसला जाते आणि तिथून दुसरीच होऊन परत येते. म्हणजे कपड्यांनी इथे कथेचं काम करायचं होतं. मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो लॅपटॉपवर, रात्री, घर झोपल्यावर. पांढऱ्या झग्यातली पार्टी तीनदा मागे नेऊन पाहिली. चौथ्यांदा आवाज बंद करून फक्त तिचे खांदे पाहिले. असा उघड्या खांद्यांचा कपडा घातलेली बाई एरवी दर दोन मिनिटांनी तो वर ओढते. रिसेप्शनला स्टेजवर उभ्या असलेल्या कुठल्याही नवरीकडे बघा. ऑड्रीचा हात एकदाही वर जात नाही. त्या काळच्या पॅरिसच्या अशा झग्यांत आतून काड्या घातलेली चोळी असे आणि कमरेला एक वेगळी, जाड विणीची फीत. वरचे हुक लावायच्या आधी ती फीत बांधायची. झग्याचं सगळं वजन तिच्यावर, खांद्याला आणि छातीला काही ओढायचं कामच नाही.

म्हणजे आतली बाजू पडद्यावर येते, पण कापड म्हणून नाही. बाई उभी कशी राहते, वळते कशी, जिना उतरताना खाली बघते की समोर, यात ती येते. माझ्या मते सिनेमाला पॅरिसकडून मिळालेली चीज ही एवढीच, बाकी सगळं प्लास्टरचे पुतळे.

वेशभूषेचं ऑस्कर १९५५ मध्ये 'सब्रीना'ला मिळालं. स्टुडिओच्या वेशभूषाकार इडिथ हेड यांनी ते घेतलं. जीवान्शीचं नाव सिनेमाच्या श्रेयनामावलीतही नव्हतं आणि हेड यांनी व्यासपीठावरही घेतलं नाही. त्यानं कधी तक्रार केली नाही. ऑड्री मात्र त्यानंतर आयुष्यभर त्याच्याकडे कपडे शिवून घेत राहिली.

१९६१ च्या 'ब्रेकफस्ट अॅट टिफनीज'मधला काळा झगा सगळ्यांना माहीत आहे. निदान त्याची पोस्टरं तरी कॉफीच्या दुकानांत पाहिलेली असतात. पण पोस्टरवर तो समोरून असतो आणि सिनेमात तो आधी पाठमोरा येतो. पहाटेचा रिकामा रस्ता, टॅक्सीतून उतरलेली मुलगी दुकानाच्या काचेसमोर उभी, आणि आपल्याला दिसते ती पाठ, कापून काढलेला मागचा गळा, त्यावर मोत्यांचे सर. आत्यानं हा सिनेमा पाहिला असता तर वही भरली असती. त्या झग्याची एक प्रत जीवान्शीनं फ्रेंच लेखक डॉमिनिक लापिएर यांना दिली. २००६ च्या डिसेंबरात लंडनला लिलावात ती ४,६७,२०० पौंडांना गेली, तेव्हाच्या दरानं साधारण ४ कोटी रुपये. ते पैसे बंगालमधल्या गरिबांसाठी चालणाऱ्या त्यांच्या 'सिटी ऑफ जॉय' कामाला मिळाले.

कपड्याचं ऑस्कर म्हटलं की कोल्हापुरात मात्र एकच नाव निघतं. भानू अथय्या, पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये, जन्म १९२९, गाव कोल्हापूर. "आमच्या गावची हाय ती," आत्या असं म्हणायची जसं काही शेजारच्या बोळात राहते. भानूताई मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, प्रोग्रेसिव्ह गटाच्या चित्रकारांबरोबर त्यांची चित्रं लागली. मग इंग्रजी महिला मासिकासाठी फॅशनची रेखाटनं, त्यातून बुटिक, बुटिकातून नट्या, आणि १९५६ च्या 'सी. आय. डी.'पासून सिनेमा. 'ब्रह्मचारी'त मुमताज ज्या केशरी साडीत नाचते, ती त्यांनी आधीच शिवून घेतली होती. साडी शिवायची! ऐकून पेठेतल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला असेल. पण नाच बघा, आणि मग नेसलेल्या साडीत तोच नाच करून बघा.

'गांधी'चं ऑस्कर त्यांना १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्याबरोबर मिळालं. हे बक्षीस मला नेहमी थोडं अद्भुत वाटतं. वेशभूषेचा सन्मान अशा सिनेमाला मिळाला, ज्याचा नायक कपडे कमी कमी करत जातो. सुरुवातीला कडक कॉलरचा सूट, मग शेवटी पंचा. शिवलेल्याकडून न शिवलेल्याकडे. पंच्याला अस्तर नाही, हुक नाही, माया नाही; सरळ-उलट बाजूही नाही म्हटलं तरी चालेल. तरी तो अंगावर खरा वाटावा म्हणून किती काम करावं लागलं असेल. नवंकोरं कापड पडद्यावर लगेच खोटं पडतं. वापरून मऊ झालेलं, धुऊन रंग गेलेलं, घामानं बसलेलं दिसायला हवं. रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांची साडी बघताना ती कपडेपटातून आली आहे असं क्षणभरही मनात येत नाही. पॅरिसचे कारागीर जे आतून करतात, ते इथे बाहेरून, पण दिसू न देता केलेलं आहे.

२०१२ मध्ये भानूताईंनी ती ऑस्करची बाहुली जपून ठेवण्यासाठी ती देणाऱ्या अकादमीला परत पाठवली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या गेल्या.

मुंबईत २०२३ च्या उन्हाळ्यात बांद्र्याला नव्या सांस्कृतिक केंद्रात भारतीय कापडाचा जगाच्या फॅशनवर कसा परिणाम झाला, याचं मोठं प्रदर्शन होतं. शनेल, डिऑर, साँ लोराँ, सगळे तिथे उभे. मी मुद्दाम पुण्याहून गेले. पुतळ्यांना हात लावायचा नव्हता, ते बरोबरच आहे, पण मी घेर खालून कसा दुमडलाय ते बघायला एवढी वाकले की सुरक्षारक्षक मुलगी जवळ येऊन "मॅडम, काही पडलं का?" म्हणाली. त्याच सुमारास, ३० मार्चला, डिऑरनं गेट वे ऑफ इंडियासमोर आपले कपडे मांडले होते. मागे भलंमोठं भरतकामाचं तोरण, मुंबईच्याच चाणक्य या कारखान्यातलं. पॅरिसच्या कितीतरी कपड्यांवरचं भरतकाम अशाच मुंबईच्या कारखान्यांत, लाकडी चौकटीवर कापड ताणून, वाकून बसलेल्या माणसांनी केलेलं असतं. वर्थची पट्टी अजून तिथेच आहे आणि छोटे हातही.

'फँटम थ्रेड' या २०१७ च्या सिनेमात लंडनचा एक शिवणकार झग्यांच्या अस्तरात छोटे संदेश शिवून लपवतो. ते घालणारीलाही ठाऊक नसतात. त्यातल्या शिवणघरातल्या काही बायका नट्या नव्हत्या, खऱ्याच शिवणकामातल्या होत्या. सुई धरलेली बोटं बघताक्षणी ते कळतं. कपड्यांवरचा सिनेमा म्हणून हा एकच मला मनापासून पटला, कारण त्यातला कॅमेरा कपडा उलटा करून बघतो.

तर तो जांभळा ब्लाऊज. नऊ ऑर्डरींबरोबर दहावी माझी होती. मी १७ वर्षांची, कॉलेजचं गॅदरिंग, नाच. आईचा नकार गृहीत होता, म्हणून परस्पर आत्याकडे गेले. तिनं पाठीला त्याच रंगाची जाळी लावली, गळ्याला उरेब पट्टी, आणि आतून कमरेला एक इंच रुंदीची पट्टी दोन हुकांसह. "आधी ही लाव, मग वरचे हुक. मग नाच किती नाचतीस ते." प्रश्नचिन्हाचं उत्तर तिनं तिचं तिनं काढलं होतं. पॅरिसच्या झग्यातली फीत मी वाचली ती पंधरा वर्षांनी. मी नाचले. ब्लाऊज तसूभर हलला नाही.

मागच्या महिन्यात लेकीच्या कॉलेजात जुन्या पिक्चरचा दिवस होता. माळ्यावरच्या ट्रंकेतून ब्लाऊज निघाला, पण ती माझ्यापेक्षा खांद्यात रुंद, पोहते. आत्या आता नाही. मी चष्मा लावून, ब्लेडनं बाजूची टीप हळूहळू उसवली. बाहेरचं सॅटिन फिकं, राखाडीकडे झुकलेलं. आतून दोन्हीकडे सव्वा सव्वा इंच माया निघाली, गर्द जांभळी, १९९४ सालची. तेवढा रंग मी विसरलेच होते. फिक्या कापडाला कडेनं गडद पट्टा दिसणार होता, पण लेकीला तो आवडला.

जांभळा दोरा जुळेना. चार दुकानं हिंडून कंटाळले आणि घरातला काळाच ओवला. आतून आहे, कोण बघतंय.

तिनं ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "आई, काळा दोरा?"